बाबाकोटोवर उचललेला हात

बाबाकोटोला मी धोंडे मारले. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात कोणी ना कोणी तुम्हाला सांगणारच, आणि वर तिखटमीठ लावून सांगणार. एक-दोन नाही, पाच आठवडे रोज सकाळी मारले. त्यातले बहुतेक मुद्दाम चुकवून मारले. दोन लागले, आणि ते लागावेत म्हणूनच मारले होते.

बाबाकोटो म्हणजे आमच्या जंगलातलं झाडावर राहणारं, माकडासारखं मोठं जनावर, आणि आमच्यात त्याच्याकडे ताठ बोटसुद्धा करत नाहीत. बोट दुमडून पेरानं दाखवायचं, कबरीकडे दाखवतात तसं. आमचा मूळपुरुष मध काढायला झाडावर चढला होता, माशांनी घेरलं, हात सुटला, तेव्हा खालच्या फांदीवरच्या बाबाकोटोनं त्याला झेलला. तेव्हापासून त्याला मारणं, खाणं, डांबणं आम्हाला फादी. फादी म्हणजे नाही ते नाही, त्यात 'पण' चालत नाही. मला साठ वर्षं हे पाठ आहे, कोणी येऊन शिकवायची गरज नाही.

माझं नाव वेलोन्जारा. एकोणीस वर्षं मी या जंगलात वाटाड्या होतो. दुसरे वाटाडे पाहुण्यांना लांबून शेंड्यावरचं काळं-पांढरं काहीतरी दाखवत आणि मान दुखवून परत आणत. माझे बाबाकोटो मात्र डोक्यावर दोन पुरुष उंचीवर खोडाला मिठी मारून बसत, सहा वर्षांच्या पोराएवढे मोठे, आणि खालच्या लोकांकडे एकदा बघून परत पानं खाऊ लागत. मला त्याचा कोण गर्व होता. पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि मी जणू ते बाबाकोटो मीच जन्माला घातलेत असा उभा राहायचो.

मेहनत माझीच होती, खोटं कशाला बोलू. पहिली दोन वर्षं मी रोज एकाच वेळी, एकाच हिरव्या रेनकोटात त्यांच्या झाडाखाली जाऊन बसलो. खोकला आला तरी गिळला. जळवा लागल्या तरी हललो नाही. आधी मला बघितलं की ते चार उड्यांत डोंगराआड जायचे, मग दोन उड्या, मग एक, आणि एके दिवशी गेलेच नाहीत. माझी बायको कालोवोला म्हणायची, "माझ्यापुढे एवढे गुपचूप बसला असतात, तर मीही माणसाळले असते."

त्या बाबाकोटोंच्या घरात चार जणं होती. नेनीबे, म्हणजे मोठी आई, हे नाव मीच ठेवलेलं. तिचा नवरा. तिची थोरली मुलगी फोत्सी, जिच्या पाठीवर पांढरं जास्त होतं. आणि मे महिन्यात झालेलं पिलू. बाबाकोटोंत बाईचं राज्य असतं. कोवळी पानं आधी नेनीबे खाणार, नवरा खालच्या फांदीवर वाट बघत बसणार, आणि मध्येच घुसला तर तोंडात खाणार. दोन-तीन वर्षांतून एकदा एकच पिलू होतं, तेही चार महिने पोटाला आणि मग पाठीला चिकटून असतं. ऊन जरा वर आलं की सगळी मिळून गातात. पलीकडच्या डोंगरावर ऐकू जातं, आणि तिकडचं घर उत्तर देतं. इकडची जागा आमची, तिकडची तुमची, एवढंच त्यांचं बोलणं, पण ऐकताना माणूस हातातलं काम टाकतो.

कालोवोला तीन वर्षांपूर्वी गेली. आमच्या कुळाच्या कबरीत तिच्या उजव्या हाताला माझी जागा सोडलेली आहे. माझा थोरला भाऊ बेझारा याच्या हातात कुळाची लाल काठी असते, पूर्वजांशी बोलायचा मान त्याचा. त्यानं ती जागा स्वतः हातानं मापून सोडली. आमच्यात माणूस कसाही जगो, मेल्यावर आपल्या माणसांत निजला पाहिजे. बाहेर पुरला गेला तर तो कोणाचाच नाही, त्याच्या नावानं कोणी रम ओतत नाही, त्याला कोणी हाक मारत नाही. तीन वर्षं मी ती जागा मनात धरून दिवस काढत होतो.

गेल्या जूनमध्ये खालच्या ओढ्यात निळे खडे सापडले आणि सगळा देश फावडी घेऊन धावत आला. सप्टेंबरपर्यंत तिथं प्लास्टिकची तीनशे खोपटी झाली. पाहुणे बंद झाले. मी तरी रोज जात होतो, सवयीनं.

सप्टेंबरातच एका सकाळी अंगणात करपलेल्या भाताचं पाणी पीत बसलो होतो. जंगलात गाणं सुरू झालं आणि मला बसल्या जागी कळलं की त्यात एक आवाज नाही. कप तिथंच ठेवून उठलो.

खाणवाल्यांच्या तळावर कोणाला विचारावंही लागलं नाही. एका खोपटाबाहेर दोरीवर नेनीबेच्या नवऱ्याचं काळं-पांढरं कातडं वाळत होतं. खाली एक तरणा गडी भात ढवळत होता. मोंजा त्याचं नाव, पार दक्षिणेकडून आलेला.

"कोणी मारला हा?" मी विचारलं.

"मी," तो म्हणाला. त्याला लपवायचं काही कारणच नव्हतं. "बसा काका, भात घ्या. यातलं मटण नाही वाढत तुम्हाला, माहितीये मला."

"तो आमचा पूर्वज आहे."

"असेल की. आमच्याकडे कासव फादी आहे. बंदरावर माझ्यादेखत लोकांनी कासव भाजून खाल्लं. मी काय त्यांची डोकी फोडली? ताट उचललं आणि बाहेर जाऊन जेवलो. ज्याची फादी त्यानं पाळावी."

पोरगं वाईट नव्हतं, हीच तर पंचाईत. वाईट असतं तर दोन थोबाडीत देऊन मोकळा झालो असतो.

"मारला कसा पण? तो तर झाडावर असतो."

मोंजानं पळी खाली ठेवली. "तेच मला कळलं नाही काका. मी कबुतरामागं होतो. हा समोर खोडाला चिकटलेला, माझ्याकडे बघतोय. म्हटलं आता उडी मारेल, आता मारेल. कुठलं काय. मी खाली तळावर येऊन भाला घेतला, परत वर जंगलात गेलो, तरी तिथंच. मलाच कसंतरी झालं. वेडा होता का हो तो?"

"वेडा नव्हता," मी म्हटलं. "त्याला मी शिकवलं होतं."

त्याला काही समजलं नाही. मला मात्र घरी येईपर्यंत सगळं समजलं होतं. पलीकडच्या डोंगरावरच्या बाबाकोटोंना कोणी हात लावू शकलं नाही, कारण ते माणूस दिसला की पळतात. माझेच तेवढे बसून राहतात. एकोणीस वर्षं मी माझ्या हातानं या मरणाची तयारी केली होती, आणि वर लोकांकडून टाळ्या घेतल्या होत्या.

वनखात्याच्या चौकीवर गेलो. तिथं रक्षक दोन आणि डोंगर चार, त्यातला एक रक्षक तापानं पडलेला. दुसरा म्हणाला, "काका, तुम्हीच बघा काही करता आलं तर."

एकच गोष्ट करता येण्यासारखी होती. शिकवलेलं पुसायचं. माणूस दिसला की पळायचं, हे त्यांच्या डोक्यात भरायचं. मोंजाला सांगावं, असंही मनात आलं. त्याला फादी नाही, त्यानं धोंडे मारावेत. पण त्याच्या हातात धोंडा दिला, तर तो चुकवून मारेल याची खात्री कोणी द्यायची? मग मी बेझाराकडे गेलो. तो पायरीवर बसून टोपली विणत होता.

"दादा, लागू देणार नाही. नुसतं घाबरवायचं."

"हात उचलणार का?"

"उचलणार, पण..."

"मग संपलं. हात उचलला की उचलला. किती जोरात उचलला ते पूर्वज मोजत बसत नाहीत."

"मग ती मरतील, दादा. तिघंही. आठ-पंधरा दिवसांत मरतील."

त्यानं टोपली बाजूला ठेवली. "जो मारेल त्याचं त्याच्यापाशी. तुझं तुझ्यापाशी. कालोवोलाच्या शेजारी यायचंय ना तुला? मग घरी बस."

मी घरी बसलो. एक दिवस.

दुसऱ्या सकाळी पत्र्याचा डबा घेऊन गेलो. अजून वाटत होतं, नुसत्या आवाजावर भागेल, फादीही राहील आणि बाबाकोटोही. झाडाखाली उभा राहून डबा बडवला, घसा फाटेपर्यंत ओरडलो. नेनीबे दोन फांद्या खाली उतरली, काय झालं ते बघायला. पाठीवरचं पिलू तिच्या खांद्यावरून डोकावलं. या माणसानं कधी वाईट केलं नव्हतं, तर आजच कशाला करेल? मग मातीची ढेकळं मारली. ती बाजूच्या झाडावर सरकली आणि तिथं पानं खाऊ लागली.

मग मी ओढ्यातला धोंडा उचलला. मूठभर होता. हात वर केला तेव्हा तोंडातल्या तोंडात पूर्वजांची माफी मागत होतो, आणि मारला. तो तिच्या मांडीला लागला.

ती ओरडली. ते गाणं नाही, तो वेगळाच आवाज, ट्रकच्या भोंग्यासारखा, ससाणा आला की काढतात तो. एकोणीस वर्षांत तो आवाज तिनं माझ्यासाठी कधी काढला नव्हता. उडी मारली, पिलू पाठीवरून एका बाजूला लोंबकळलं, तरी धरून राहिलं.

असं रोज चाललं. आठ दिवसांनी हिरवा रेनकोट दिसला की ती पळू लागली. मला वाटलं, जमलं. मग एका सकाळी खूप उकडत होतं म्हणून रेनकोट न घालता गेलो, तर नेनीबे खुशाल बसलेली. ती रेनकोटाला घाबरत होती, माणसाला नाही. असा मी शहाणा.

मग कपडे बदलायला लागलो. एक दिवस गवती टोपी, एक दिवस उघडा, एक दिवस शेजाऱ्याचा सदरा. ते संपले तेव्हा कालोवोलाची पिवळी लांबा, तिचं अंगाभोवती लपेटायचं कापड, ट्रंकेतून काढली आणि बाईमाणसासारखी गुंडाळून गेलो. कपड्याला अजून तिचा वास होता. तो पांघरून मी त्या जनावरांना धोंडे मारले. त्या दिवसाचं मला अजून कोणाला नीट सांगता येत नाही.

माझी मुलगी फेलिसी शेजारच्याच घरात राहते. एकदा सकाळी ती दारात उभी राहिली. "बाबा, माझा लाल झगा कुठाय?"

"वाळत असेल."

"वाळत नाहीये. काल माझ्या सासूनं तुम्हाला आईची लांबा गुंडाळून जंगलात जाताना पाहिलं. गाव म्हणतंय, तुम्ही बाई व्हायला निघालात."

"होतो तर होतो. तुझ्या सासूला म्हणावं, नवरा बघून ठेव माझ्यासाठी."

ती हसली नाही. मी तिच्याच लाल झग्यात निघालो तेव्हा ती मागोमाग आली आणि तिनं सगळं बघितलं. तिला वाटलं, बाबांना काहीतरी झपाटलंय. ती रडत बेझाराकडे गेली. मला वाचवायलाच गेली होती, तिच्यावर माझा राग नाही. थोडा आहे.

शुक्रवार सकाळचं कुळाला बोलावणं गेलं. बेझारानं स्वतःचा बैल काढला, तांबडा, कपाळावर पांढरा. मी मागितला नव्हता. माझा भाऊ रागीट आहे, पण शुद्धीसाठी दारात बैल आणून बांधला, तेव्हा तोंडातून चकार शब्द काढला नाही. विधी सोपा असतो. बैल कापायचा, अंगावर पाणी शिंपडायचं, आणि गुन्हेगारानं पूर्वजांपुढे दोन वाक्यं म्हणायची: मी चुकलो. पुन्हा हात उचलणार नाही. संपलं. जागा शाबूत.

आणि मी ती म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. गुरुवारी संध्याकाळपर्यंत माझं ठरलं होतं. पाच आठवडे झालेत, शिकली असतील, म्हणून शेवटचं बघायला गेलो. लाल झगा, हातात काही नाही. नेनीबे पळाली. फोत्सीनं चार उड्या मारल्या, थांबली, वळून बघितलं आणि परत आली. माझ्यापासून दोन हातांवर खोडाला मिठी मारून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी माझ्या डोळ्यांपुढे वाढलेली ती. नेनीबेनं मुलगी परत गेलेली बघितली आणि तीही वळली. आई मुलीचं बघते, मुलगी आईचं बघते, हे मलाच सुचायला हवं होतं.

शुक्रवारी अंगणात सगळं कूळ जमलं होतं. बेझारानं पूर्वेकडे तोंड करून रम ओतली, एकेका पूर्वजाचं नाव घेऊन हाक मारली, शेवटी कालोवोलाचं नाव घेतलं. मग माझ्याकडे वळला. "बोल."

"मी चुकलो," मी म्हटलं. हे खरं होतं. एकोणीस वर्षं चुकलो होतो.

"पुढचं बोल."

बेझारा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "अरे, बोलून टाक ना. चार शब्द आहेत."

"दादा, मला उद्या परत जायचंय."

"कुठं?"

"धोंडे मारायला. अजून शिकली नाहीत ती. फोत्सी तर मुळीच नाही."

"नंतरचं नंतर बघू. आत्ता बोल."

"पूर्वजांपुढे खोटं बोलू?"

माणसाशी खोटं बोलता येतं, रक्षकाशी बोलता येतं, पाहुण्यांशी तर मी रोज बोलत होतो. पण हाका मारून बोलावलेल्यांपुढे नाही. हे त्यालाही माहीत होतं, लाल काठी त्याच्या हातात होती. फेलिसी मागून म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी बोला." मी तिच्याकडे बघितलं नाही.

ऊन डोक्यावर येईपर्यंत त्यांनी मला समजावलं. मग बेझारानं काठी जमिनीवर तीनदा आपटली आणि सांगितलं की वेलोन्जारा याची जागा बंद. बैल सोडून दिला. लोक उठून गेले, आणि तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"कालोवोलाला काय सांगू मी?"

"सांग, कामात आहे म्हणावं."

"असं बोलू नकोस रे."

मग मलाही रडू आलं. आम्ही दोघं म्हातारे भर अंगणात रडत उभे राहिलो आणि बैल आमच्याकडे बघत गवत खात होता.

त्या दिवशी मी जंगलात गेलो नाही. पाच आठवड्यांत तेवढा एकच दिवस.

शनिवारी सकाळी खिशात धोंडे भरून गेलो. झाडाखाली पालापाचोळा तुडवलेला होता. एक बांबूचा भाला मोडून पडलेला, आणि बुंध्यापाशी पांढरे केस, खूप पांढरे. फोत्सीच्या पाठीचे. ती तिथंच बसली असणार, दोन हातांवर, बघत. मी ते केस गोळा करायला लागलो, मग सोडून दिले. काय करणार होतो त्यांचं?

वर पाला हलला. लांब, खूप लांब, तीसेक पावलांवर नेनीबे होती. पिलू पाठीवर होतं. तिनं मला बघितलं, म्हणजे मला नाही, एका माणसाला बघितलं, आणि तो भोंगा काढला. मी अजून हात खिशातही घातला नव्हता. एक उडी, दुसरी, तिसरी, आणि डोंगराआड. पुढे कितीतरी वेळ मला लांब लांब जाणारा पाला ऐकू येत होता. काल तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं. पाच आठवडे मला जे शिकवता आलं नाही, ते मोंजानं की आणखी कोणी एका दुपारी शिकवलं. आता ती कोणासमोर बसणार नव्हती. आता माझ्या धोंड्यांची कोणाला गरज नव्हती, आणि पुन्हा हात उचलणार नाही हे मी अगदी खरं बोलू शकलो असतो.

धोंडे तिथंच रिकामे केले आणि बेझाराच्या घरी गेलो. तो पायरीवर बसला होता, हातात टोपली नव्हती. मी त्याला सगळं सांगितलं. मध्येच त्यानं डोळे मिटले.

"एक दिवस," तो म्हणाला. "काल म्हणाला असतास..."

"काल ते खोटं होतं."

"हो." बराच वेळ तो काठीवरचा रंग नखानं खरवडत राहिला. "मला आता उघडता येणार नाही रे ती जागा. त्यांना हाका मारून, त्यांच्यासमोर बंद केलीय. मी मेलो तरी ज्याच्या हातात ही काठी जाईल त्यालाही येणार नाही."

"माहितीये दादा. मी मागायला आलो नाही."

"मग कशाला आलास?"

त्यानं घरात हाक मारून भात आणायला सांगितला. भात आला, कसाव्याच्या पाल्याची भाजी आली. आम्ही खायला बसलो आणि दोघांपैकी कोणीच खाईना.

"पिलू?" त्यानं विचारलं.

"तिच्या पाठीवर आहे."

"घट्ट धरलंय का?"

"धरलंय," मी म्हटलं, आणि त्यानं भात माझ्याकडे सरकवला.